उन्हात फिरणारं भिरभिरं: वस्तू जरूर घ्या, डब्यातला कागद मात्र बाजूला ठेवा

नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं सहाय्यक होते. काच कशी धरायची, सुईवर तोललेली वस्तू कशी हलवायची आणि खोक्यावर छापलेलं किती खरं मानायचं, हे त्या कामाने शिकवलं. हा अभिप्राय लांबेल, पण लिहिते, कारण ही वस्तू बरेच पालक मुलांच्या प्रकल्पासाठी घेतात आणि मुलं तिच्यावरून चुकीचं शिकतात. वस्तू चांगली आहे. तिच्यासोबत येणारा कागद चुकीचा आहे.

वस्तू म्हणजे क्रुक्सचा रेडिओमीटर. जुन्या विजेच्या बल्बासारखा काचेचा गोळा, खाली काचेचाच पाय, आत सुईच्या टोकावर तोललेलं चार पात्यांचं चाक. प्रत्येक पात्याची एक बाजू काजळीसारखी काळी, दुसरी चंदेरी. ऊन पडलं की चाक आपोआप फिरू लागतं. बॅटरी नाही, वायर नाही. आमच्या प्रयोगशाळेत एक होता. त्याला आम्ही भिरभिरं म्हणायचो, आणि अकरावीची नवी मुलं आली की खिडकीपाशी त्याच्याभोवती घोळका व्हायचा.

विकत घ्यायचं निमित्त नातीचं. ती नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने सौर शीड हा विषय घेतला: इंधन न जाळता, नुसत्या सूर्यप्रकाशाच्या धक्क्याने पुढे जाणारं यान. "आज्जी, तक्ते तर सगळेच लावतात. मला उजेडाने ढकललेलं काहीतरी हलताना दाखवायचंय," असं तिचं म्हणणं. तिच्या बाबांनी मोबाइलवर शोधलं आणि एका ऑनलाइन विक्रेत्याकडे हे सापडलं, 'सोलर सेलचं वर्किंग मॉडेल' या नावाने. किंमत ८४९ रुपये. इथे एक सांगून ठेवते. आपल्या लिपीत शीड या अर्थाचा 'सेल' आणि वीज तयार करणारा 'सेल' सारखाच लिहिला जातो, बोलतानाही सारखाच वाटतो. मेनरोडच्या एका दुकानात आम्ही आधी 'सोलर सेलचं मॉडेल' म्हणून विचारलं, तर त्या भल्या माणसाने निळी सौरपट्टी काढून समोर ठेवली. दुकानात मागताना रेडिओमीटर असंच म्हणा.

ऑनलाइन मागवलेला नग फुटका आला. पातळ पुठ्ठ्याच्या खोक्यात बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचा एकच वेढा. काचेचा पाय मुळाशी तडकलेला, चाक सुईवरून उतरून तळाशी पडलेलं. पैसे परत मिळाले, पण बारा दिवस गेले आणि प्रदर्शन जवळ आलं. शेवटी शाळा-कॉलेजांना काचसामान पुरवणाऱ्या रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या दुकानात गेले. तिथे ११५० रुपये पडले. तीनशे रुपये जास्त गेले, पण त्याचं मोल तिथेच कळलं. दुकानदारांनी खोका माझ्यासमोर उघडला, रेडिओमीटर बाहेर ओट्यावर उन्हात ठेवला, चाक फिरलं ते दाखवलं, थरमाकोलच्या साच्यात परत बसवला आणि मगच पैसे घेतले. काचेची वस्तू अशीच विकायला हवी.

आता वस्तूबद्दल. काच स्वच्छ आहे, बुडबुडा किंवा डाग नाही. पात्यांवरचा काळा थर सगळीकडे सारखा बसलेला. सुईचं टोक इतकं चांगलं की ऊन गेल्यावरही चाक बराच वेळ गिरक्या घेत राहतं. डिसेंबरातल्या सकाळी आठ वाजता आमच्या इंदिरानगरच्या बाल्कनीत तिरपं ऊन येतं, तेवढ्यातही ते फिरायला लागलं. अकराच्या उन्हात तर पाती वेगळी दिसेनात, नुसता करडा पट्टा दिसत होता. कारागिरीला पूर्ण गुण.

डब्यातल्या कागदावर मात्र लिहिलंय की सूर्याचे प्रकाशकण चंदेरी बाजूवर आपटून उसळतात, त्या धक्क्याने पातं ढकललं जातं, आणि सौर शिडाची यानं याच तत्त्वावर चालतात. खाली बाणांसह चित्र.

चूक नातीने पकडली. प्रकाशाचा धक्का तिला तारांगणातल्या कार्यक्रमापासून पक्का माहीत होता. भिंतीवर मातीचा ओला गोळा मारला तर तो चिकटतो, भिंतीला एकच धक्का बसतो. रबरी चेंडू मारला तर तो उसळून परत येतो, तेव्हा भिंतीला जवळजवळ दुप्पट धक्का बसतो. उजेडाचंही तसंच. काळी बाजू उजेड गिळते, चंदेरी बाजू परत फेकते. म्हणजे उजेडच ढकलत असेल तर जास्त धक्का चंदेरी बाजूला बसायला हवा आणि काळी बाजू पुढे ठेवून चाक फिरायला हवं. ती बराच वेळ काचेला नाक लावून बसली. मग म्हणाली, "आज्जी, हे उलटं फिरतंय. चंदेरी बाजू पुढे जातेय."

मी त्या भिरभिऱ्याची काच ३१ वर्षं पुसली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला तिचा अभिमान वाटला आणि आम्ही दोघी कामाला लागलो.

माळ्यावरून जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब काढला. वीतभर अंतरावर लावताच चाक गरगर फिरलं. त्याच जागी ९ वॅटचा एलईडी लावला. डोळ्यांना उजेड जवळपास तेवढाच, पण चाक जेमतेम हललं. मग तारेचा बल्ब परत लावला आणि मध्ये पाण्याने भरलेली काचेची बरणी ठेवली. उजेड आरपार जात होता तरी चाक मंदावलं, कारण पाणी उष्णतेचे किरण अडवतं. खोलीत पूर्ण अंधार करून मी दोन्ही तळवे गोळ्याभोवती धरले. मोबाइलच्या मिणमिणत्या उजेडात पाहिलं तर चाक सावकाश फिरत होतं, नुसत्या हातांच्या उबेवर. सगळ्यात गंमत फ्रिजमध्ये आली. आधी खोलीत कोमट झालेला रेडिओमीटर खालच्या कप्प्यात ठेवला, दोन मिनिटांनी दार उघडलं, तर चाक उलट्या दिशेने फिरत होतं! काळी बाजू जशी लवकर तापते तशी लवकर निवतेही, म्हणून तिथे सगळं उलटलं.

तेव्हा हे चाक उजेडाच्या धक्क्याने फिरत नाही. ते आतल्या हवेमुळे फिरतं. गोळ्यातली बहुतेक हवा काढून टाकलेली असते, पण सगळी नाही. काही पास्कल दाबाची हवा आत उरते. काळी बाजू तापते, तिच्याजवळचे हवेचे कण जोरात उसळतात, आणि पात्यांच्या कडांवरून हवा थंड बाजूकडून गरम बाजूकडे सरकत राहते. त्यामुळे काळ्या बाजूवरचा दाब किंचित वाढतो आणि पातं तिकडून ढकललं जातं. हवा पूर्ण काढली तर चाक थांबतं, जास्त राहिली तरी थांबतं.

विल्यम क्रुक्स यांनाही सुरुवातीला हा उजेडाचाच धक्का वाटला होता. थॅलियम धातूचा अणुभार काढण्यासाठी ते निर्वात पेटीत तराजू ठेवून वजनं करत होते, ऊन पडलं की तराजू बिघडायचा, आणि त्यातून १८७३ च्या सुमारास हे चाक जन्मलं. मग १८७६ मध्ये मँचेस्टरला आर्थर शुस्टर यांनी अख्खा काचेचा गोळाच बारीक दोऱ्यांवर टांगला. आतलं चाक एका दिशेला फिरू लागताच बाहेरचा गोळा उलट दिशेला वळला. बाहेरून येणारा उजेड ढकलत असता तर गोळ्याने उलटं वळायचं कारण नव्हतं. ढकलणारं जे होतं ते आतच होतं, म्हणजे हवा. १८७९ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स आणि जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी कडांवरून सरकणाऱ्या हवेचा उलगडा केला. प्रकाशाला दाब असतो हे आधी गणिताने सांगणारे मॅक्सवेलच. म्हणजे ज्यांना हे चाक आपल्या सिद्धांताचा पुरावा म्हणून मिरवता आलं असतं, त्यांनीच ते तसं नाही हे दाखवलं. हे मला फार मोठं वाटतं. कागद छापणाऱ्यांनी एवढं वाचलं असतं तर बरं झालं असतं.

उजेडाचा खरा धक्का मोजला रशियाच्या प्योत्र लेबेदेव यांनी, १९०१ मध्ये. त्यांचा सगळा झगडा याच उरलेल्या हवेशी होता. तिचं ढकलणं खऱ्या धक्क्याला झाकून टाकतं, म्हणून त्यांना पाती अतिशय पातळ करावी लागली आणि हवा जमेल तितकी काढावी लागली. डब्यात जे यंत्र आहे ते प्रकाशदाब दाखवणारं नाही, प्रकाशदाब मोजताना आड येणारी गोष्ट दाखवणारं आहे.

नातीचा चेहरा उतरला. प्रदर्शनाला सहा दिवस होते. मग आम्ही ठरवलं की धक्का हलताना दाखवता येत नाही, तर तो किती आहे ते दाखवायचं.

पृथ्वीपाशी एक चौरस मीटरवर सूर्याची साधारण १३६१ वॅट ऊर्जा येते. तेवढ्या आरशावर तिचा धक्का बसतो सुमारे ९ मायक्रोन्यूटन. एक मिलिग्रॅमच्याही किंचित आतलं वजन, खसखशीच्या तीनेक दाण्यांचं. जपानच्या अवकाश संस्थेने मे २०१० मध्ये इकारोस हे यान सोडलं, आणि ग्रहांमधल्या अवकाशात नुसत्या शिडाने प्रवास करून दाखवणारं ते पहिलं यान ठरलं. त्याचं शीड १४ मीटर बाजूचं चौकोनी, साडेसात मायक्रोमीटर जाडीचं. चार कोपऱ्यांना छोटी वजनं बांधलेली. यान स्वतःभोवती फिरवलं आणि गोफणीतला दगड बाहेर ओढ घेतो तशी त्या वजनांनी घडी उलगडली. एवढ्या मोठ्या शिडावर जपानी शास्त्रज्ञांनी मोजलेला धक्का होता १.१२ मिलिन्यूटन.

आम्ही सराफ बाजारात एका ओळखीच्या दुकानी गेलो. सोन्याच्या काट्यावर इंद्रायणी तांदळाचे दाणे एकेक करून ठेवले. सहा दाण्यांना काटा ०.११ ग्रॅमवर आला. तोच धक्का. प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या मैदानावर फक्कीने १४ मीटरचा चौकोन आखला, बरोबर मध्ये स्टुलावर वाटी ठेवली आणि वाटीत सहा तांदूळ. येणाऱ्या मुलांना ती आधी चौकोनाभोवती एक चक्कर मारायला लावायची, मग वाटीत बघायला सांगायची. चक्कर मारून आलेली मुलं वाटीत पाहून गप्प होत. ती शांतता मी विसरणार नाही.

मग ती पुढचं सांगायची. यान तीनशे किलोच्या वर, धक्का सहा तांदळांचा. पण अवकाशात अडवायला हवा नाही आणि सूर्य मावळत नाही. रोज सेकंदाला तीसेक सेंटिमीटरची भर. धक्का तेवढाच राहिला असं धरलं तर वर्षभरात ताशी ४०० किलोमीटरच्या घरात, तेही इंधनाचा थेंब न जाळता. इकारोस डिसेंबर २०१० मध्ये शुक्राजवळून गेलं. त्याच्या शिडाच्या कडांना घड्याळाच्या काचेसारखे द्रवस्फटिकांचे पट्टे होते. ते चमकते किंवा मंद करून, कोणत्या बाजूला जास्त धक्का बसेल हे ठरवून, यान वळवता येत होतं. मातीचा गोळा आणि रबरी चेंडू, तेच.

एका मुलाने विचारलं की उजेड सूर्यापासून दूर ढकलतो, तर सूर्याकडे कसं जायचं? मला उत्तर पतंगात दिसलं. माझं माहेर येवल्याचं. आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस गच्चीवरून कुणी खाली उतरत नाही, आणि हाताला आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, लागली की वय आठवत नाही. पतंगाचा दोर कापला की तो वारा नेईल तिकडे वाहत जातो. दोर ताणलेला आहे म्हणूनच त्याला डावीकडे, उजवीकडे, खाली नेता येतं. शिडाच्या यानाला दोर आहे सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाचा. यान सूर्याभोवती फिरतच असतं. शीड एका बाजूला तिरकं केलं की धक्क्याचा काही भाग फिरण्याच्या दिशेने लागतो, वेग वाढतो, कक्षा मोठी होते. दुसऱ्या बाजूला तिरकं केलं की वेग कमी होतो आणि यान हळूहळू सूर्याकडे उतरतं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या लाइटसेल-२ लाही हेच करावं लागलं. जून २०१९ मध्ये उडालेलं, अमेरिकेतल्या प्लॅनेटरी सोसायटीने लोकांच्या वर्गणीतून बांधलेलं ते यान जेमतेम पाच किलोचं, शीड ३२ चौरस मीटरचं. सूर्याकडे तोंड करून जाताना शीड कडेवर उभं करायचं, पाठ करून जाताना आडवं पसरायचं, प्रत्येक फेरीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते वातावरणात शिरून जळालं, पण तोवर साडेतीन वर्षं झाली होती.

आपल्याकडेही शीड होतं, हे नातीला सांगताना मला फार आनंद झाला. इन्सॅट मालिकेतल्या हवामान पाहणाऱ्या उपग्रहांमध्ये ढगांची चित्रं घेणारं उपकरण होतं. त्यालाही रेडिओमीटरच म्हणतात, पण ते वेगळं. त्याला गारठा हवा, म्हणून उपग्रहाची एक बाजू मोकळी ठेवत आणि सौरपंख एकाच बाजूला लावत. मग उजेडाचा धक्का एकाच बाजूला बसायचा आणि उपग्रह हळूहळू कलायचा. तो तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला लांब दांडीवर छोटं सौर शीड बसवायचे. एप्रिल १९८२ मध्ये गेलेल्या इन्सॅट-१ए चं शीड उघडलंच नाही. त्याला इतर अडचणीही आल्या आणि सप्टेंबरात तो सोडून द्यावा लागला. १९९२ च्या इन्सॅट-२ए वर आणि २००३ च्या इन्सॅट-३ए वर असं शीड होतं. दूरदर्शनच्या बातम्यांनंतर ढगांचं चित्र यायचं तेव्हा पाऊस कुठवर आलाय ते मी मन लावून बघायचे. त्या चित्रामागे खसखशीच्या दाण्यांएवढ्या धक्क्याचा हिशेब होता हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

रेडिओमीटर आम्ही प्रदर्शनात ठेवलाच, वेगळ्या टेबलावर. शेजारी पाटी: "हे उजेडाच्या धक्क्याने फिरत नाही. कशाने फिरतं ते ओळखा." सगळ्यात जास्त गर्दी तिथे होती. नातीला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एका बाईंनी मात्र फ्रिजचा प्रयोग दोनदा समजावून घेतला आणि घरी करून पाहीन म्हणाल्या.

आता घ्यावं की नाही. घ्या. सातवीच्या पुढच्या मुलासाठी ११५० रुपयांत इतके दिवस पुरणारं दुसरं काही मला माहीत नाही. पण सौर शिडाचं मॉडेल म्हणून घेऊ नका. कारागिरीला पाचपैकी पाच, कागदाला शून्य. उत्पादकाला मी सविस्तर ईमेल केला आहे, पाच आठवडे झाले, उत्तर नाही. दुकानदारांना कागद दाखवला, तर त्यांनी माझ्याकडून दोन पानी मराठी टिपण लिहून घेतलं आणि उरलेल्या चार खोक्यांत त्याच्या झेरॉक्स घातल्या.

दुकानातून घेताना खोका उघडायला लावा आणि उन्हात फिरवून पाहा. नेताना गोळा आडवा करू नका, चाक सुईवरून उतरतं. उतरलंच तर घाबरू नका, पाय तडकलेला नसेल तर गोळा उलटा धरून अगदी हळू सरळ केला की ते बहुतेक वेळा परत बसतं. बल्बाला काच टेकवू नका. आणि उन्हात तापलेला गोळा एकदम फ्रिजमध्ये घालू नका, आधी दहा मिनिटं सावलीत ठेवा.